धर्मसंस्थांमधील लैंगिक अत्याचार : मूळ बेहिशेबी अधिकारात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धर्मसंस्थांमध्ये होणाऱ्या लैंगिक अत्याचारांच्या कारणांविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, ती मी काळजीपूर्वक वाचली. एका वाचकांनी ब्रह्मचर्याच्या सक्तीला दोष दिला आहे, दुसऱ्यांनी पाश्चात्त्य स्वैराचाराला, आणि तिसऱ्यांनी चार माणसे वाईट निघाली म्हणून संपूर्ण संस्थेला बोल लावू नये असे म्हटले आहे. तिन्ही पत्रांमागची कळकळ खरी आहे. पण तिन्ही पत्रलेखकांची नजर अत्याचार करणाऱ्याच्या मनावर खिळलेली आहे. त्याला तशी संधी देणारी, कृत्य उघडकीस आल्यावर त्याला सांभाळून घेणारी आणि तक्रार करणाऱ्यालाच गप्प बसवणारी व्यवस्था त्यांच्या चर्चेत येतच नाही. मी वसईचा कॅथलिक ख्रिस्ती आहे आणि एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो आहे. या विषयावर बोलायचे तर आधी स्वतःच्या घरातले बोलले पाहिजे, म्हणून सुरुवात माझ्या ख्रिस्तसभेपासून, म्हणजे कॅथलिक चर्चपासून, करतो.

जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेतील ‘बोस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राने जॉन गेगन या धर्मगुरूचे प्रकरण उजेडात आणले. लहानपणी त्याने आपल्यावर अत्याचार केल्याचे १३० हून अधिक व्यक्तींनी सांगितले होते, आणि सुमारे तीन दशके त्याला एका धर्मग्रामातून (पॅरिशमधून, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतून) दुसऱ्या धर्मग्रामात हलवले जात होते. बिशपांच्या कार्यालयात कागद होते, पालकांची पत्रे होती, डॉक्टरांचे अहवाल होते. एवढे सगळे असूनही नव्या धर्मग्रामातील पालकांना कोणी एका शब्दाने सावध केले नाही. बोस्टनचे मुख्य धर्माधिकारी कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पद सोडावे लागले. मात्र २००४ मध्ये रोममधील सांता मारिया माज्जोरे या सुप्रसिद्ध बॅसिलिकेचे प्रमुखपद त्यांना देण्यात आले. गेगनच्या कृत्यांनी मला जितका धक्का बसला, तितकेच दुःख या नेमणुकीने झाले, कारण ती त्या पीडितांच्या डोळ्यांसमोर झाली होती.

त्यानंतर अमेरिकेतील बिशपांनीच जॉन जे महाविद्यालयाकडून एक अभ्यास करून घेतला. १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर अल्पवयीनांच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले होते आणि तक्रारदारांची संख्या १०,६६७ होती. त्या काळात सेवेत असलेल्या एकूण धर्मगुरूंच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे चार टक्के भरते. संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने १९५० ते २०१० या काळासाठी कॅथलिक धर्मगुरूंमध्ये हेच प्रमाण सात टक्के काढले. शंभरांतील त्र्याण्णव किंवा शहाण्णव जण निष्कलंक राहिले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. त्यांच्याही मानेवर हे ओझे आले आहे, आणि ते त्यांच्यावर टाकले त्यांच्याच वरिष्ठांनी.

आता ब्रह्मचर्याच्या मुद्द्याकडे येतो. लग्न करता येत नाही म्हणून माणूस मुलांकडे वळतो, हा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे. तपासून पाहिला तर टिकत नाही. जॉन जे महाविद्यालयाच्याच २०११ च्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवले की ब्रह्मचर्याचा नियम शतकानुशतके तोच असताना अमेरिकेतील या घटना १९६० आणि १९७० च्या दशकांत वाढल्या आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून झपाट्याने कमी झाल्या. जे बदलतच नाही, ते या चढउताराचे कारण कसे असेल? शिवाय अमेरिकेतील सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट पंथाकडे, सदर्न बाप्टिस्टांकडे पाहा. त्यांचे पाळक लग्न करतात, संसार करतात. तरीही तेथील दोन वृत्तपत्रांनी २०१९ मध्ये शोध घेतला तेव्हा वीस वर्षांतील सुमारे ३८० आरोपी आणि ७०० हून अधिक पीडित समोर आले. पुढे २०२२ च्या स्वतंत्र चौकशीत निघाले ते आणखी क्लेशदायक आहे. आमची प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, त्यामुळे आरोपी पाळकांची एकत्र यादी ठेवणे आम्हाला शक्य नाही, असे पीडितांना वर्षानुवर्षे सांगणाऱ्या नेतृत्वाच्या कार्यालयात अशी यादी गुपचूप ठेवली जात होती आणि तीत ७०० हून अधिक नावे होती. आम्हा कॅथलिकांकडे सत्तेची उतरंड होती, तिचा उपयोग आरोपीला हलवण्यासाठी झाला. त्यांच्याकडे उतरंड नव्हती, त्या नसण्याचा उपयोग हात झटकण्यासाठी झाला. दोन उलट रचनांमधून मुलांच्या वाट्याला एकच अनुभव आला.

ब्रह्मचर्याचा काहीच संबंध नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या आयोगाने २०१७ च्या अंतिम अहवालात ते थेट कारण नसल्याचे सांगतानाच इतर गोष्टींच्या जोडीने ते धोका वाढवते असे म्हटले आणि धर्मगुरूंसाठी ते ऐच्छिक करण्याचा विचार व्हावा अशी शिफारस केली. मला हे पटते. कोवळ्या वयात सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, गेलेला, स्वतःच्या शरीराविषयी आणि एकटेपणाविषयी कोणाशी मोकळेपणाने न बोललेला मुलगा पुढे धर्मगुरू होतो. आणि जेथे व्रतभंग कबूल करण्याची सोय नसते, तेथे एकमेकांची गुपिते सांभाळण्याची सवय लागते. त्या सवयीत मुलांवर अत्याचार करणाऱ्याचे गुपितही सांभाळले जाते.

या बाबतीत आपल्या मुंबईचे उदाहरण मला फार बोलके वाटते. १८६० मध्ये करसनदास मुळजी या तरुण सुधारकाने ‘सत्यप्रकाश’ या आपल्या गुजराती पत्रात पुष्टिमार्ग या वैष्णव पंथाच्या महाराजांच्या, म्हणजे गुरूंच्या, वर्तनावर टीका करणारा लेख लिहिला. हे महाराज संन्यासी नव्हते. बायकामुले असलेले, वंशपरंपरेने गादीवर आलेले ते गृहस्थ होते. भक्ताने तन, मन आणि धन गुरूला अर्पण करावे, या शिकवणुकीचा आधार घेऊन काही महाराज अनुयायांच्या बायकामुलींशी दुर्वर्तन करतात, असा करसनदासांचा आरोप होता. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. भाटिया समाजातील काही पुढाऱ्यांनी महाराजांविरुद्ध जातीतल्या कोणी साक्ष देऊ नये असा बंदोबस्त केला; त्याबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला होऊन त्यांना दंड झाला. तरीही माणसे साक्षीला आली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या प्रतिष्ठित वैद्याने न्यायालयात सांगितले की, या महाराजांवर आपण गुप्तरोगासाठी उपचार केले आहेत. एप्रिल १८६२ मध्ये न्यायालयाने करसनदासांनी केलेले आरोप खरे मानले, आणि न्या. जोसेफ अर्नोल्ड यांनी निकालात म्हटले की जे नीतीच्या दृष्टीने वाईट आहे, ते धर्मशास्त्राच्या दृष्टीने योग्य ठरू शकत नाही. या खटल्यात ब्रह्मचर्याचा प्रश्न नव्हता, आणि १८६० च्या मुंबईत पाश्चात्त्य लैंगिक क्रांतीही आलेली नव्हती. गुरूला प्रश्न विचारणे हेच पाप आहे, अशी समजूत मात्र होती, आणि ती समजूत राखण्यासाठी अख्खी जात एकवटली होती.

स्वैराचाराच्या मुद्द्यावर फार थांबण्याची गरज नाही. निवृत्त पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१९ मध्ये लिहिलेल्या लेखात १९६८ च्या आसपासच्या नैतिक पडझडीकडे बोट दाखवले होते. ते माझ्या श्रद्धेचे आणि आदराचे विषय असूनही त्यांचे हे निदान मला अपुरे वाटते. स्पेनमधील एल्विरा येथे चौथ्या शतकाच्या आरंभी भरलेल्या धर्मसभेने मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना मरतानाही ख्रिस्तशरीर (कम्युनियनचा पवित्र प्रसाद) देऊ नये असा नियम केला होता. अकराव्या शतकात पीटर डॅमियन या व्रतस्थाने धर्मगुरूंच्या लैंगिक दुराचाराविषयी आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या बिशपांविषयी पोप नववे लिओ यांच्याकडे कडक शब्दांत लिहून तक्रार केली होती. तेव्हा सिनेमा नव्हता, इंटरनेट नव्हते.

पीडितांमध्ये मुलगे जास्त होते म्हणून समलैंगिकतेला दोष देणारेही बरेच आहेत. अमेरिकेतील नोंदींत मुलग्यांचे प्रमाण सुमारे ८१ टक्के होते हे खरे. पण उपासनेत धर्मगुरूला मदत करणारे वेदीसेवक मुलगेच असत, सहलीला आणि सेमिनरीत मुलगेच असत, आणि मुलींना वेदीसेवेची अधिकृत मुभा १९९४ मध्ये मिळाली. जी मुले हाताशी होती, तीच बळी पडली. २०११ च्या अभ्यासालाही समलैंगिकता हे कारण असल्याचे आढळले नाही. हा दोष देऊन आपण निरपराध माणसांचा एक गट उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो.

‘चार माणसे वाईट निघाली’ हे म्हणणे मला सर्वांत जास्त खुपते, कारण त्यातून संस्था सुटून जाते. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात बिघडलेल्या धर्मगुरूंसाठी आश्रयस्थान चालवणारे फादर जेराल्ड फिट्झजेराल्ड बिशपांना पत्रे लिहून सांगत होते की मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना पुन्हा सेवेत घेऊ नका. १९६३ मध्ये त्यांनी हा विषय थेट पोप सहावे पॉल यांच्यापुढे मांडला. म्हणजे बोस्टनच्या चाळीस वर्षे आधी कळलेले होते. आयर्लंडमध्ये डब्लिन धर्मप्रांताविषयीचा मर्फी अहवाल नोव्हेंबर २००९ मध्ये आला. त्याचा निष्कर्ष असा, की धर्मप्रांताला गुप्तता राखणे, बोभाटा टाळणे, ख्रिस्तसभेची प्रतिष्ठा जपणे आणि मालमत्ता वाचवणे यांचीच चिंता होती, आणि मुलांचे हित यांच्या मागे पडले होते. या विषयाची आम्हाला तेव्हा जाण नव्हती, असे सांगणाऱ्या त्याच धर्मप्रांताने १९८० च्या दशकातच अशा दाव्यांसाठी विमा उतरवून ठेवला होता, हेही त्या अहवालात नोंदलेले आहे. ज्या धोक्याची कल्पनाच नाही, त्याचा विमा कोणी उतरवत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या घरी फादर येणार म्हटले की आदल्या दिवसापासून लगबग असायची. ओटीवरची वेताची खुर्ची आई ओल्या फडक्याने पुसायची आणि तिच्यावर कोरा टॉवेल घालायची. फादर गेल्यावरही दोन दिवस आम्ही भावंडे त्या खुर्चीवर बसत नसू. बसू नका असे कोणी सांगितलेले नसायचे. ते फादर अतिशय सज्जन होते. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून येऊन आजारी माणसाला अंत्याभ्यंग (तेल लावून करायचा शेवटचा संस्कार) देणारे, गरिबाच्या मुलाची फी गुपचूप भरणारे. त्यांच्याविषयीचा माझा आदर आजही तसाच आहे. परंतु त्या खुर्चीचा विचार आता माझा पिच्छा सोडत नाही. तिच्यावर बसणारा माणूस सज्जन नसता, तर त्या खुर्चीला हात लावायलाही बिचकणारे दहा वर्षांचे मूल कोणाजवळ आणि कोणत्या शब्दांत बोलले असते? आई ज्याच्यासाठी टॉवेल अंथरते, त्याने आपल्याला काय केले हे आईला कसे सांगायचे? आणि सांगितलेच असते, तर आईने आधी कोणाच्या तोंडावर हात ठेवला असता?

माझ्या मते कारणांच्या चर्चेचा मध्यबिंदू येथे आहे. विकृती कोणत्याही समाजात असते. ती शाळेत असते, क्रीडासंस्थेत असते, सर्वांत जास्त तर घरात आणि नात्यात असते. धर्मसंस्थेत तिला तीन गोष्टी आयत्या मिळतात. पालक स्वतःच्या हाताने मूल आणून सोडतात. अत्याचारी माणसाच्या तोंडी देवाची भाषा असते, त्यामुळे मुलाला घडल्या प्रकारात स्वतःचेच पाप दिसू लागते. माझ्या धर्मात तर असे मूल ते पाप सांगायला पापनिवेदनाच्या जागी त्याच माणसापुढे गुडघे टेकत असे. आणि तक्रार ऐकणारा, चौकशी करणारा, निवाडा देणारा हे सगळे आरोपीचेच बंधू असतात. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये जगभरच्या श्रद्धावंतांना लिहिलेल्या पत्रात या रोगाला पुरोहितशाही म्हटले, आणि अत्याचाराला नकार द्यायचा असेल तर पुरोहितशाहीलाही ठाम नकार द्यावा लागेल असे सांगितले. मला त्यांचे हे निदान आधीच्या सर्व निदानांपेक्षा खरे वाटते, आणि ते आपल्याकडच्या बाबांना, बापूंना, महाराजांनाही लागू पडते.

आसाराम यांच्याविरुद्धच्या जोधपूरच्या खटल्यात एका शाळकरी मुलीला भूतबाधा झाल्याचे पालकांना सांगण्यात आले होते आणि उपाय म्हणून तिला आश्रमात आणायला लावले होते. ज्यांनी तिचे रक्षण करायचे, त्यांनीच श्रद्धेपोटी तिला तेथे नेले. ऑगस्ट २०१३ मध्ये तक्रार झाली, एप्रिल २०१८ मध्ये जन्मठेप झाली. मधल्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले आणि काहींचे प्राण गेले. सिरसाच्या डेरा सच्चा सौदामधील एका साध्वीने २००२ मध्ये डेराप्रमुख गुरमीत राम रहीम यांच्याविरुद्ध बलात्काराची तक्रार करणारे निनावी पत्र पंतप्रधानांना लिहिले, म्हणजे बोस्टनचे प्रकरण उघड झाले त्याच वर्षी. ते पत्र छापणाऱ्या स्थानिक पत्रकारावर त्याच वर्षी गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांचा मृत्यू झाला. गुरमीत राम रहीम यांना बलात्काराबद्दल शिक्षा व्हायला ऑगस्ट २०१७ उजाडले, आणि दोषी ठरवल्याच्या दिवशी पंचकुल्यात अनुयायांनी केलेल्या हिंसाचारात तीसहून अधिक माणसे मेली. आसाराम आणि राम रहीम हे दोघेही संसारी, मुलेबाळे असलेले. त्यांना कोणी ब्रह्मचर्याची सक्ती केली होती?

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या दोषाची आहे आणि ती लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आठवीला एक मुलगा होता. तो एका धार्मिक संस्थेच्या वसतिगृहात राहायचा. संस्था कोणत्या धर्माची, हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण ते कळले की काहींना बाकीचे वाचावेसे वाटणार नाही. शाळा सुटली की तो फळा पुसायला थांबायचा. आधी कोरडे फडके, मग ओले, मग पुन्हा कोरडे. फळा लख्ख झाला की खडूचे तुकडे लांबीप्रमाणे डब्यात लावत बसायचा. शिपाई दारे लावायला आला म्हणजे नाइलाजाने निघायचा. मला तो कामसू वाटला. वर्गात मी त्याचे कौतुकही केले. नऊ-दहा वर्षांनी तो मला भेटायला आला आणि वसतिगृहातील एक धर्मशिक्षक संध्याकाळी त्याला आपल्या खोलीत बोलावत असे, हे त्याने सांगितले. माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, “नक्की ना रे?” तो गप्प झाला. चहा निवून गेला तरी त्याने कपाला हात लावला नाही. पुढे आम्ही दोघे संस्थेच्या चालकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की त्या गृहस्थांची केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली आहे, आता जुने उकरून संस्थेचे नाव कशाला घालवायचे. बोस्टनच्या बातम्यांत मी वाचलेला ‘बदली’ हा शब्द माझ्या समोरच्या टेबलावरून आला होता. दुसऱ्या जिल्ह्यातील मुलांचे काय, हे विचारायला माझी जीभ तेव्हा रेटली नाही.

आज कायदा तेव्हापेक्षा स्पष्ट आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये लागू झालेल्या पोक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) कायद्यात धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील व्यक्तीने तेथील बालकावर केलेला लैंगिक हल्ला हा गंभीर स्वरूपाचा गुन्हा मानला आहे. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बिशप, महंत, मौलाना, स्वामी यांच्यापैकी कोणालाही यातून सूट नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही, ज्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले आणि ज्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतरच निघाला, अलौकिक शक्तीचा दावा करून लैंगिक संबंध ठेवणे हा गुन्हा ठरवला आहे. आमच्या ख्रिस्तसभेत मे २०१९ च्या पोपच्या आदेशाने धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर अशा घटना वरिष्ठांना कळवण्याची सक्ती आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या प्रकरणांवरचे धर्मपीठाचे गुप्ततेचे बंधन उठले. ही पावले मोठी आहेत. तरीही माहिती आधी आतच फिरते. पोलिसांकडे जाणे त्या त्या देशाच्या कायद्यावर सोपवलेले आहे. आपल्या देशात कायदा आहे, पण तो मंदिराच्या, मदरशाच्या, चर्चच्या किंवा मठाच्या सूचनाफलकावर लावलेला मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून कारणांच्या या चर्चेत भाग घेणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी आपापल्या धर्मस्थळाच्या विश्वस्तांना काही साधे प्रश्न विचारावेत. मुलांसोबत काम करणाऱ्यांची नेमणूक करताना आधीच्या ठिकाणी चौकशी होते का? कोणी मोठा माणूस मुलासोबत बंद दाराआड एकटा राहू शकतो का? मुलाची तक्रार ऐकणाऱ्या समितीत संस्थेबाहेरची, शक्यतो स्त्री, व्यक्ती आहे का? १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावलेला आहे का? माझ्या धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलकडे मी हे प्रश्न गेल्या रविवारी मिस्सानंतर लेखी दिले आहेत. पत्र स्वीकारणाऱ्या तरुण धर्मगुरूंनी ते माझ्यासमोर उभ्यानेच पूर्ण वाचले आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचे कबूल केले. सभेत जे उत्तर मिळेल, ते आपल्या वाचकांना कळवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, वसई